काचेवर झिंक ऑक्साइडचे उभे नॅनोरॉड: बीजथरापासून मोजमापापर्यंत

झिंक ऑक्साइडचे नॅनोरॉड (नॅनोमीटरमध्ये मोजायच्या जाडीचे बारीक दांडे) वाढवायची कृती शोधनिबंधात चार ओळींत आटोपलेली असते. काच धुतली, बीजथर (रॉड ज्यांवरून उगवतात त्या बारीक स्फटिकांचा पातळ थर) दिला, झिंक नायट्रेट आणि हेक्झामिनच्या द्रावणात ९० अंशांवर तीन तास ठेवली, धुऊन वाळवली. त्या चार ओळींवर भिस्त ठेवून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला बसलेले कितीतरी जण काम सुरू करतात, आणि हाती येते ती बोटाला लागणारी पांढरी पावडर. मग वेळ वाढवून बघतात, तापमान बदलतात, संहती दुप्पट करतात. बिघाड बहुतेक वेळा तिथे नसतोच. तो काच धुताना किंवा बीजथर देताना होऊन गेलेला असतो. वाढीच्या भांड्यात तो फक्त डोळ्यांना दिसू लागतो.

म्हणून या लेखात वाढीइतकीच जागा तिच्या आधीच्या कामाला दिली आहे. कृती साध्या प्रयोगशाळेत जमणारी आहे: ओव्हन, मफल फर्नेस (उच्च तापमानाची बंद भट्टी), सोनिकेटर (ध्वनिलहरींनी धुणारे यंत्र) आणि चांगले डीआय (आयन काढलेले) पाणी एवढे हवे. स्पिन कोटर (काच वेगाने फिरवून पातळ थर पसरवणारे यंत्र) असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

आधी भांड्यात काय घडते ते

हेक्झामिन गरम पाण्यात सावकाश फुटतो आणि फॉर्माल्डिहाइड व अमोनिया सोडतो. अमोनियामुळे पाण्यात हायड्रॉक्साइड आयन वाढतात, ते झिंकला भेटतात आणि झिंक ऑक्साइड घनरूपात बाहेर पडू लागते. त्याला बसायला दोन जागा असतात: काचेवर आधीच असलेले झिंक ऑक्साइडचे बारीक स्फटिक, किंवा मधल्या पाण्यात कुठेही. तयार स्फटिकावर बसायला ऊर्जा कमी लागते. त्यामुळे द्रावण जेमतेम अतिसंपृक्त (मावते त्याहून जास्त विरघळलेले) असेल तोवर झिंक बीजावर जाते. अतिसंपृक्तता फार झाली की पाण्यातच कण जन्मतात, द्रावण दुधाळ होते आणि झिंक तिथेच संपते.

रॉड उभा का वाढतो, याचे उत्तर स्फटिकाच्या रचनेत आहे. झिंक ऑक्साइडच्या वुर्टझाइट नावाच्या षटकोनी रचनेत वरचा (००२) पृष्ठ (स्फटिकाच्या पृष्ठांना असे क्रमांक देतात) ध्रुवीय आणि जास्त ऊर्जेचा, बाजूचे सहा पृष्ठ अध्रुवीय आणि शांत. वाढ वरच्या टोकाला वेगाने होते, बाजूंना हळू. बीजाचा तो ध्रुवीय पृष्ठ आकाशाकडे असेल तर रॉड उभा, बीज कलंडलेले असेल तर रॉडही कलंडलेला. पुढची सगळी काळजी या दोन गोष्टींसाठी आहे: बीज नीट बसावे आणि झिंक त्याच्याकडेच जावे.

तयारी: रसायने आणि त्यांची राखण

लागणारी रसायने मोजकी आहेत. बीजथरासाठी झिंक अॅसिटेट डायहायड्रेट आणि निर्जल इथेनॉल. वाढीसाठी झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट आणि हेक्झामिन, म्हणजेच हेक्झामिथिलीनटेट्रामाइन. सगळी एआर ग्रेडची (विश्लेषणाला चालतील इतकी शुद्ध) घ्या. पाणी शक्यतो १८ मेगाओम-सेंटिमीटरच्या आसपास रोधकता असलेले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम आणि क्लोराइड स्फटिकांचा आकार बदलतात, आणि दर वेळी वेगवेगळा बदलतात.

झिंक नायट्रेटची बाटली हीच चुका शिरायची मोठी वाट आहे. हे मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या पावसाळ्यात झाकण नीट न लावलेल्या बाटलीत आठवड्याभरात ओल्या ढेकळांचा चिखल होतो. जळगावच्या उन्हाळ्यात उलटा प्रकार: हेक्झाहायड्रेट ३६ अंशांच्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळते, आणि एसी नसलेल्या खोलीत एप्रिलमध्ये तेवढे तापमान सहज असते. अशा बाटलीतून ०.७४४ ग्रॅम अचूक वजन केले तरी त्यात झिंक किती आले हे तराजू सांगत नाही. तुमचे २५ मिलिमोलर मग कागदावरच राहते.

उपाय असा. नवी बाटली उघडल्याबरोबर सगळ्यांसाठी ०.५ मोलरचे साठ्याचे द्रावण करून ठेवा: १४.८७ ग्रॅम झिंक नायट्रेट, एकूण आकारमान १०० मिली. मग ईडीटीए टायट्रेशन करून त्याची खरी संहती काढा. पीएच १० चे अमोनिया बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी दर्शक, लालसर जांभळ्याचा स्वच्छ निळा झाला की अंत्यबिंदू. बी.एस्सी.ला सगळ्यांनी केलेले असते, अर्ध्या तासाचे काम आहे. त्या द्रावणातून पुढे पिपेटने घ्यायचे, दर वेळी वजन करायचे नाही. बाटलीवर तारीख आणि निघालेली संहती लिहा.

सावधान: झिंक नायट्रेट ऑक्सिडायझर आहे आणि हेक्झामिन ज्वलनशील घन. दोन्ही एका कपाटात शेजारी ठेवू नका, एकाच कागदावर वजन करू नका, कोरडे कधीच मिसळू नका. त्यांची भेट पातळ द्रावणातच व्हावी.

टप्पा १: काच धुणे

साधी स्लाइड असो वा एफटीओ (फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा वीजवाहक थर) लावलेली काच, दोन बाय एक सेंटिमीटरच्या आसपासचे तुकडे सोयीचे पडतात. एफटीओची वाहक बाजू आधी मल्टिमीटरने शोधा. वाहक बाजूला दहा-वीस ओहम दिसतील, उलट बाजूला काहीच नाही. मग उलट बाजूच्या एका कोपऱ्यात हिऱ्याच्या पेनने बारीक खूण करा. ही खूण पुढच्या प्रत्येक टप्प्याला उपयोगी पडते, कारण बीजथर इतका पातळ असतो की तो कोणत्या बाजूला आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

क्रम असा ठेवा:

१. प्रयोगशाळेतल्या डिटर्जंटच्या पाण्यात, हातमोज्याच्या बोटांनी दोन्ही बाजू हलकेच चोळा. सोनिकेटर तेल आणि बोटांचे ठसे एकट्याने काढत नाही, चोळणे लागतेच.
२. डिटर्जंटच्या पाण्यातच सोनिकेटरमध्ये १५ मिनिटे.
३. डीआय पाण्याने फेस पूर्ण जाईपर्यंत, मग डीआय पाण्यात १० मिनिटे सोनिकेशन.
४. अॅसिटोनमध्ये १० मिनिटे, लगेच आयसोप्रोपॅनॉलमध्ये १० मिनिटे. मध्ये काच वाळू देऊ नका. अॅसिटोन वाळला की मागे डाग सोडतो.
५. नायट्रोजनच्या झोताने वाळवा. सिलिंडर नसेल तर काच उभी ठेवून झाकलेल्या पेट्री डिशमध्ये १०० अंशांना वाळवा, पण आधी आयसोप्रोपॅनॉल हवेत उडून जाऊ द्या.

तुकडे बीकरमध्ये एकमेकांवर पडलेले नसावेत. एकाला एक चिकटलेल्या दोन काचांमधली बाजू धुतलीच जात नाही, आणि पुढे नेमका तिथेच थर सुटतो.

क्रोमिक अॅसिडची सवय अजून पुष्कळ प्रयोगशाळांत आहे. या कामाला ते लागत नाही. त्यातले सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि अॅसिटोनचा ओलावा राहिलेली काच त्यात टाकणे धोक्याचे आहे.

तपासा: धुतलेली काच डीआय पाण्यात बुडवून उभी धरा. पाण्याचा पापुद्रा सलग खाली सरकला तर काच स्वच्छ. मध्येच फाटून थेंब झाले, बेटे उरली, तर पुन्हा पहिल्यापासून. या चाचणीत नापास झालेली काच पुढे नेऊ नका, कितीही घाई असली तरी. धुतलेली काच त्याच दिवशी वापरा.

टप्पा २: बीजाचे द्रावण

०.११० ग्रॅम झिंक अॅसिटेट डायहायड्रेट ५० मिली निर्जल इथेनॉलमध्ये. संहती १० मिलिमोलर. झिंक अॅसिटेट इथेनॉलमध्ये सावकाश विरघळते. झाकलेल्या भांड्यात ६० अंशांना ढवळत ठेवा, अर्धा-पाऊण तास लागू शकतो. हॉटप्लेटवर इथेनॉल आहे हे विसरू नका: झाकण, फ्यूम हूड, जवळपास ज्योत नाही.

द्रावण पाण्यासारखे नितळ हवे. मग ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. नितळ दिसत असले तरी गाळाच. न विरघळलेला एक कण काचेवर बसला की त्याच्याभोवती रॉडचे फूल उगवते, आणि सेममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) ती फुले शेकड्याने दिसतात.

चूक जी सगळ्यांत जास्त होते: अर्धवट रिकाम्या, कित्येक महिने उघडझाप झालेल्या बाटलीतले इथेनॉल. त्यात पाणी शिरलेले असते, अॅसिटेटचे अंशतः जलापघटन होते आणि एक-दोन दिवसांत द्रावणावर धूसर छटा येते. अशी छटा आली की द्रावण टाकून द्या. गाळून परत वापरायचा मोह टाळा, कारण गाळताना झिंक किती निघून गेले हे कळत नाही.

टप्पा ३: बीजथर चढवणे आणि भाजणे

इथे घाई केलेले काम नंतर कशानेही सुधारत नाही.

स्पिन कोटर असेल तर: काच चकवर (फिरणाऱ्या तबकडीवर) बसवा, द्रावणाने पूर्ण पृष्ठ झाकले जाईल एवढे थेंब टाका, ३००० आरपीएमला ३० सेकंद. मग हॉटप्लेटवर १५० अंशांना एक मिनिट. थंड होऊ द्या. असे चार ते पाच वेळा.

स्पिन कोटर नसेल तर: काच आडवी ठेवून द्रावणाने झाका, दहा सेकंद थांबा, स्वच्छ इथेनॉलने धुवा, नायट्रोजनने वाळवा. हेही चार ते पाच वेळा. धुण्याची पायरी बऱ्याच जणांना विचित्र वाटते, आत्ता लावलेले लगेच धुवायचे कसे? पण काचेला चिकटलेला पातळ थर इथेनॉलने जात नाही, वरचे जास्तीचे तेवढे जाते. तेच न धुता वाळू दिले तर कडेला जाड पांढरी कड आणि मध्ये जवळपास काही नाही, अशी काच हाती येते.

एकाच दाट थरात काम उरकायचा विचार सोडा. दाट थर भाजताना आकसतो, तडकतो, त्यातले स्फटिक वेड्यावाकड्या दिशांना बसतात. पातळ थर पुनःपुन्हा दिले की भाजल्यावर बरेचसे स्फटिक ध्रुवीय पृष्ठ वर करून बसतात. ०.३ मोलर झिंक अॅसिटेट, २-मिथॉक्सिइथेनॉल आणि मोनोइथेनॉलअमाइन यांच्या सोलनेही (कलिल द्रावणानेही) छान बीजथर होतो, पण २-मिथॉक्सिइथेनॉल प्रजननसंस्थेला घातक आहे. सुरुवात इथेनॉलवरच करावी असे माझे ठाम मत आहे.

पावसाळ्यात आर्द्रतामापक शेजारी ठेवा. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की स्पिन करतानाच थर धुरकट होऊ लागतो, कारण इथेनॉल उडताना पृष्ठ थंड होते आणि हवेतले पाणी त्यावर उतरते. डिह्युमिडिफायर नसेल तर एसी चालू करून खोली बंद ठेवा आणि तासाभराने काम सुरू करा. जुलैत आलेले निकाल डिसेंबरच्या निकालांशी जुळत नाहीत तेव्हा पहिला संशय इथे घ्यावा.

इलेक्ट्रोडसाठी एफटीओची एक कड मोकळी हवी असेल तर इथेनॉलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने ती पट्टी भाजण्याआधीच पुसून घ्या. चिकटपट्टी लावून भट्टीत घालू नका, गोंद जळून डाग पडतो.

आता भाजणे. मफल फर्नेस, हवेत, मिनिटाला पाच अंशांनी ३५० अंशांपर्यंत, तिथे २० ते ३० मिनिटे, मग दार न उघडता थंड होऊ द्या. १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय दार उघडले तर काच तडकते. एफटीओ हे तापमान आरामात सोसते. आयटीओची (इंडियम टिन ऑक्साइडच्या थराची) वाहकता मात्र हवेत ३०० च्या वर घसरू लागते, म्हणून आयटीओ वापरणाऱ्यांनी भाजण्याआधी आणि नंतर रोध मोजून नोंदवावा.

भाजणे टाळले किंवा दीडशे-दोनशे अंशांवर उरकले, तर काचेवर झिंक ऑक्साइड पुरते तयारच होत नाही, बराचसा अॅसिटेट उरतो. तो वाढीच्या द्रावणात विरघळून जातो, आणि पृष्ठ ठिकठिकाणी बोडके राहते.

तपासा: भाजलेली काच उजेडाकडे तिरकी धरा. पारदर्शक, एकसारखी, फार तर किंचित निळसर झाक असलेली दिसायला हवी. पांढरे ढग, वर्तुळे, बोटांच्या खुणा दिसल्या तर ती काच वाढीला घेऊ नका.

टप्पा ४: वाढीचे द्रावण

सुरुवातीला दोन्हींची संहती २५ मिलिमोलर ठेवा. १०० मिलीसाठी:

१. ५ मिली साठ्याचे झिंक नायट्रेट द्रावण अधिक ४५ मिली डीआय पाणी. साठ्याची संहती ०.५ पेक्षा वेगळी निघाली असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त घ्या.
२. ०.३५० ग्रॅम हेक्झामिन ५० मिली डीआय पाण्यात, वेगळ्या बीकरमध्ये. हे त्याच दिवशी ताजे करायचे.
३. हेक्झामिनचे द्रावण ढवळत असताना त्यात झिंकचे द्रावण सावकाश ओता. खोलीच्या तापमानाला दहा मिनिटे ढवळा.

डीआय पाणी आदल्या दिवशी उकळून, झाकून थंड केलेले असावे. यामागचे कारण पुढच्या टप्प्यात आहे.

तपासा: खोलीच्या तापमानाला द्रावण पूर्ण नितळ हवे आणि पीएच साधारण साडेसहा ते सातच्या दरम्यान. थंड असतानाच गढूळ झाले तर भांडे अस्वच्छ आहे, पाण्यात काही आहे, किंवा कुणीतरी अमोनिया घातला आहे. असे द्रावण गरम करून काही साधत नाही.

पीएच वाढवायला अमोनिया घालणाऱ्या कृतीही आहेत आणि त्यांनी वाढीचा वेग बदलतो. पण पहिली चांगली फिल्म हाती येईपर्यंत त्या वाटेला जाऊ नका.

टप्पा ५: काच भांड्यात कशी ठेवायची

निम्मी वाया गेलेली सॅम्पले काच चुकीची ठेवल्यामुळे वाया जातात, म्हणून हे दोनदा वाचा.

बीजथराची बाजू खाली, आणि काच भांड्याच्या भिंतीला टेकवून तिरकी. आडवी पालथी नको, सरळ उताणीही नको.

उताणी ठेवली तर पाण्यात तयार झालेले कण वरून तिच्यावर साचतात. काढल्यावर पांढरी शुभ्र, भरगच्च दिसणारी फिल्म मिळते, फोटोतही छान येते, आणि बोट फिरवले की निघून येते. खालचे रॉड त्या गाळाखाली गाडलेले राहतात.

अगदी आडवी पालथी ठेवली तर दुसरी अडचण. द्रावण तापताना त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, तिचे बुडबुडे काचेच्या खालच्या बाजूला अडकतात आणि जिथे बुडबुडा तिथे द्रावण पोचतच नाही. सॅम्पल वाळल्यावर मिलिमीटरभर व्यासाची गोल, पारदर्शक टकले दिसतात. ही टकले कडा रेखीव असल्यामुळे ओळखू येतात. थर सोलून निघाल्याच्या जागा वेड्यावाकड्या असतात. काच साठ-सत्तर अंशांच्या तिरकस कोनात ठेवली की बुडबुडे वर घरंगळून जातात. पाणी आधी उकळून घेतले असेल तर ते येतातच थोडे.

काच बुडवल्यावर भांडे हलकेच टिचकी मारून हलवा आणि चिकटलेले बुडबुडे सोडवा. एका भांड्यात फार तुकडे गर्दीने ठेवू नका. झिंक सगळ्यांत वाटले जाते आणि रॉडची लांबी तुकड्यांच्या संख्येवर अवलंबून राहू लागते. १०० मिलीला तीन-चार छोटे तुकडे पुरे, आणि दर वेळी तेवढेच.

त्यातला एक तुकडा बिनबीजाचा ठेवा: तसाच धुतलेला, पण बीजथर न दिलेला. ही सवय लावून घ्याच. वाढ संपल्यावर बीज असलेल्या काचेवर एकसारखी धूसर फिल्म आणि बिनबीजाच्या काचेवर जवळपास काही नाही, असे दिसले तर वाढ बीजावरून झाली. दोन्ही सारख्याच पांढऱ्या झाल्या तर तुमच्याकडे गाळ आहे.

टप्पा ६: वाढ

९० अंशांसाठी ऑटोक्लेव्ह (दाब सोसणारे बंद भांडे) लागत नाही. निळ्या झाकणाची बोरोसिल काचेची बाटली ओव्हनमध्ये चालते. झाकण पूर्ण आवळू नका, पाव फेरा सैल ठेवा, त्या बाटल्या दाबासाठी केलेल्या नसतात. टेफ्लॉनच्या आतल्या भांड्याचा ऑटोक्लेव्ह वापरायचाच असेल तर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका आणि पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका.

ओव्हनच्या आकड्यावर विश्वास नको. पाण्याने भरलेल्या बीकरमध्ये थर्मामीटर ठेवून तुमच्या ओव्हनच्या त्याच कप्प्यात, त्याच जागी खरे तापमान एकदा मोजा. मागच्या भिंतीजवळ आणि दाराजवळ पाच-सात अंशांचा फरक सापडणे नवलाचे नाही. जाड स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये तर आतले द्रावण तापायलाच तासभर जाऊ शकतो. म्हणजे ज्याला आपण तीन तासांची वाढ म्हणतो ती दोनच तासांची असते, आणि बाटलीतल्या तीन तासांशी तिची तुलना होत नाही. वहीत दोन वेळा लिहा: ओव्हनमध्ये कधी ठेवले आणि द्रावण ९० ला कधी पोचले.

तापत असताना द्रावण हळूहळू दुधाळ होणार, ते साहजिक आहे. काही कण पाण्यात तयार होतातच. तापमानाला पोचण्याआधीच दाट दुधासारखे झाले तर अतिसंपृक्तता फार आहे. पुढच्या वेळी दोन्हींची संहती निम्मी करा.

तीन तासांनंतर वाढ मंदावते, कारण झिंक संपत आलेले असते. बारा तास तसेच ठेवून चौपट लांबी मिळत नाही. लांब रॉड हवे असतील तर दर अडीच-तीन तासांनी ताजे द्रावण द्या. ते आधीच ९० ला तापवून ठेवा आणि काच ओली असतानाच त्यात हलवा. मध्ये वाळली तर पृष्ठावर क्षार बसतात आणि रॉडच्या माथ्यावर नवे, तिरपे रॉड फुटतात.

सावधान: बाटली उघडताना फॉर्माल्डिहाइड आणि अमोनियाची वाफ येते. फ्यूम हूडमध्येच उघडा. वास येतोय म्हणजे तुम्ही ते श्वासात घेताय.

टप्पा ७: काढणे, धुणे, भाजणे

वेळ झाली की काच गरम द्रावणातूनच बाहेर काढा. ओव्हन बंद करून रात्रभर तसेच सोडणे ही आळसातली चूक आहे. थंड होणाऱ्या द्रावणात समतोल बदलतो, वरचा ध्रुवीय पृष्ठ विरघळू लागतो आणि रॉडचे माथे पोखरले जातात. सेममध्ये मधोमध खड्डा पडलेले षटकोन दिसले तर याचाच विचार करा.

लगेच भरपूर डीआय पाण्याने धुवा, आधी पिचकारीने, मग बीकरमध्ये हलके हलवून. सैल कण यातच जातात. सोनिकेटरमध्ये घालायचे असेल तर फार तर काही सेकंद, तेही आधी एका फुकट तुकड्यावर करून बघा. शेवटचे धुणे इथेनॉलने करा. पाण्याचा पृष्ठताण जास्त असल्याने लांब, बारीक रॉड वाळताना एकमेकांकडे ओढले जातात आणि त्यांची टोके झुबक्यांनी जुळतात. इथेनॉलने हे बरेच कमी होते. ६० अंशांना वाळवा, पण इथेनॉलने निथळती काच बंद ओव्हनमध्ये घालू नका.

धुण्यासाठी सौम्य आम्लाचा विचारही नको. झिंक ऑक्साइड उभयधर्मी आहे, आम्लात विरघळते आणि तीव्र अल्कलीतही.

शेवटी ३५० ते ४०० अंशांवर हवेत अर्धा तास. पृष्ठावर राहिलेला हेक्झामिन आणि इतर सेंद्रिय अंश जळून जातात. रंगसंवेदी सौर घट किंवा वायुसंवेदक करायचा असेल तर ही पायरी गाळू नका.

उरलेले द्रावण सिंकमध्ये ओतू नका. झिंक जलचरांना विषारी आहे, आणि त्यात फॉर्माल्डिहाइडही आहे. वेगळ्या कॅनमध्ये साठवा, नाव लिहा, विल्हेवाटीला द्या.

टप्पा ८: सेमला पाठवण्याआधी

सेमचा स्लॉट मिळायला वाट बघावी लागते आणि प्रत्येक सॅम्पलचे पैसे पडतात. हाताशी असलेल्या चाचण्या आधी करून घ्या.

बोटाची चाचणी: हातमोज्याच्या बोटाने काचेची एक कड हलकेच पुसा. धूसरपणा कायम राहिला तर रॉड बीजाला धरून आहेत. पांढरे निघाले तर वरचा गाळ आहे, पुन्हा धुवा आणि पुन्हा बघा.

यूव्ही-व्हिजिबल (अतिनील आणि दृश्य प्रकाशाच्या शोषणाचे मोजमाप): शोषणाची कड ३७० ते ३८० नॅनोमीटरच्या आसपास दिसायला हवी, झिंक ऑक्साइडची बँड गॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. कड दिसते पण दृश्य भागातली पारगम्यता फारच पडलेली असेल, तर प्रकाश विखुरणारे मोठे गुच्छ असल्याचा संशय घ्या.

एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन): कॉपर के-अल्फा किरणांना (१००), (००२) आणि (१०१) ही पीक अनुक्रमे ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांच्या जवळ येतात. पावडरमध्ये (१०१) सर्वांत उंच असते. उभ्या रॉडच्या फिल्ममध्ये (००२) बाकीच्यांना मागे टाकते. एफटीओवर काम करणाऱ्यांनी इथे फार जपावे: टिन ऑक्साइडचे एक पीक ३३.९ च्या जवळ असते आणि घाईत पाहणारा तेच (००२) समजून बसतो. म्हणून कोऱ्या एफटीओचा आलेख त्याच सेटिंगवर काढून शेजारी ठेवा. २६.६ आणि ३७.९ जवळची पीकही टिन ऑक्साइडचीच.

सेमला देताना वरून आणि छेदातून, दोन्ही चित्रे मागा. छेदासाठी काच उलट बाजूने हिऱ्याच्या पेनने ओरखडून तोडा, म्हणजे रॉडच्या बाजूला ओरखडा येत नाही. काचेवरच्या सॅम्पलला सोन्याचा पातळ लेप लागतो, नाहीतर चार्जिंगमुळे (पृष्ठावर विद्युतभार साचल्याने) चित्र वाहते.

चित्रावरून चूक ओळखणे

रॉड आहेत, पण सगळ्या दिशांना झुकलेले. बीजथर जाड झाला किंवा तडकला. बीजद्रावणाची संहती कमी करा, थरांची संख्या तीच ठेवा.

रॉड फार जाड, एकमेकांना टेकून सलग फिल्मच झालेली. वाढीच्या द्रावणाची संहती जास्त आहे. १० ते १५ मिलिमोलरवर या.

रॉडची बेटे, मध्ये मोकळी काच. आधी धुणे तपासा, मग भाजण्याचे तापमान. वाढीची वेळ वाढवून मोकळ्या जागा भरत नाहीत, बेटेच मोठी होतात.

एकाच काचेवर वरच्या टोकाला आखूड आणि खालच्या टोकाला लांब रॉड. काच द्रावणात पुरती बुडालेली नव्हती किंवा तापताना पाणी उडून पातळी उतरली. झाकण किती सैल ठेवले ते बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदल केला की बीज आणि बिनबीज दोन्ही तुकडे पुन्हा ठेवा. वहीत प्रत्येक सॅम्पलसमोर हे असावे: काचेचा प्रकार, बीजद्रावणाची तारीख, थर किती, भाजण्याचे तापमान, खोलीतली आर्द्रता, साठ्याच्या द्रावणाची मोजलेली संहती, सुरुवातीचा पीएच, भांड्यात तुकडे किती, द्रावण ९० ला पोचल्याची वेळ, बाहेर काढल्याची वेळ. तयार सॅम्पल सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये, रॉडची बाजू वर करून ठेवा, टिश्यू पेपरमध्ये गुंडाळू नका.